नऊ पायांची कुर्ली

कुडाळच्या पुढे, हायवेवरून

ती. बाबांना,
अक्षदाचा सा. न. फोनवर तुम्ही नुसतं "बरंय" म्हणून ठेवून देता, म्हणून हे पत्र. गाडी छान चाललीय. तुमचे जावई दर दोन तासांनी चहाला थांबतात, काळजी नको.

रस्त्यात काय काय बघितलं! एका आंबेवाल्याचं दुकानच आंब्याच्या आकाराचं. पुढे टायरांचा बारा फुटी हत्ती. आई आमच्यासोबत असती तर हसून लोळली असती. तिचा गुडघा कसा आहे? आणि तुम्ही जेवता ना नीट?

आता खरी गंमत. एका खानावळीसमोर फायबरची भलीमोठी कुर्ली दिसली. मी ओरडलेच, "मयूर, गाडी थांबव!" उतरून पाय मोजले. नांग्या सोडून आठाऐवजी नऊ! बाबा, तुम्ही गणपतीच्या देखाव्यासाठी केलेली, नंतर मंडळाने विकून टाकलेली, तीच ही. मालवणचा माणूस खेकड्याचे पाय चुकतो म्हणून तिकडे मुंबईत सगळं घोडपदेव हसलं होतं, आणि तुम्ही ब्रश माळ्यावर टाकलेत.

इथे पोरं पाय मोजायला गाड्या थांबवायला लावतात. मालकीण रखमाकाकू म्हणाल्या, "त्या नवव्या पायावरच माझो धंदो चलता गो." रंग मात्र पार उडालाय.

मी सांगून टाकलंय, दिवाळीनंतर माझे बाबा येऊन रंगवतील. तेव्हा ब्रश काढा आणि टर्पेंटाइनमध्ये भिजत घाला. काकूंची अट एकच आहे: नववा पाय कापायचा नाही.

तुमची लाडकी,
अक्षदा