कॉम्प्युटरच्या वायरीतलं कुंकू

अंबरनाथ, रविवार, ऑक्टोबर १९९६

दसऱ्यापासून कॉम्प्युटरचा पडदा काळा तो काळाच. आज उल्हासनगरचा दुकानदार आला आणि दारातूनच म्हणाला, "माताजी, ट्यूब गयी. नया ले लो." मी म्हटलं, "आधी जवळ येऊन बघा, मग ट्यूब घालवा." रागावून गेला.

यांनी ते ऐकलं. "पूजा करताना माझाच हात लागला. आता मी त्याला शिवणार नाही." रिटायर झाल्यापासून माणूस पहिल्यांदा कशात तरी रमला होता.

दुपारी हे झोपल्यावर मीच मागची वायर काढली. टोकाच्या पिनांमध्ये कुंकू! कारखान्यात हे दसऱ्याला मशीनचा एकेक भाग पुजायचे, तसंच इथेही. पण कुंकवाने सिग्नल अडतो? कोण जाणे. जुन्या टूथब्रशने हळूहळू सगळं कुंकू काढलं आणि वायर न आवळता परत खोचून ठेवली.

उठल्यावर सांगितलं, "वायर सैल झालीय. माझ्या बोटांत जोर नाही, तुम्ही आवळा." त्यांनी दोन्ही स्क्रू आवळले, बटण दाबलं. चित्र आलं.

"बघ, नुसती वायर सैल होती. माझा हात नव्हताच."

"मग काय," मी म्हटलं.

शाळेत आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर खोटं बोलण्याला पाप म्हणायच्या. म्हणू देत.