आधी गोळ्या, मग किटली

१९ ऑक्टोबर

चेकुरा म्हाताऱ्याला क्षयच निघाला. दाबो डॉक्टरने आज आरोग्य केंद्रात बोलावून घेतलं — त्याला नाही, मला, गावची आरोग्यसेविका म्हणून. म्हणाला, "गोळ्या मी देतो. पण सहा महिने रोज सकाळी कुणीतरी समोर बसून गिळायला लावायला हव्यात. तो माझं ऐकणार नाही, पोराचं तर नाहीच नाही. तू कोने, तो त्राओरे. तुला नाही म्हणायची त्याची टाप नाही."

डॉक्टरचं बरोबर आहे. पण त्यापायी रोज सकाळी उपाशीपोटी त्याच्या शिव्या मी खायच्या, त्याचं काय? कोने आणि त्राओरे या दोन कुळांची थट्टा आमच्या पणज्यांच्या आधीपासूनची. तो मला चवळीखाऊ म्हणणार, मी त्याला माझा गुलाम म्हणणार. वय बघायचं नाही, रागवायचं नाही. आणि एकाने हक्काने काही मागितलं तर दुसऱ्याने नाही म्हणायचं नाही.

त्याचा थोरला भाऊ असाच खोकून खोकून गेला. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा पहिली शिवी मला चेकुरानेच दिली होती, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा इथे बरं वाटलं होतं. त्याला मी असा जाऊ देणार नाही.

२० ऑक्टोबर

पहिली सकाळ. अंगणात पाऊल टाकलं तर आतून आवाज, "कोण आलंय? चवळीचा वास येतोय."

"तुझी मालकीण आलीये. तोंड उघड."

गिळल्या. जीभ वर करून दाखव म्हटलं, दाखवली. त्याचं नातवंड त्याच्याच चटईवर झोपतं असं कळलं. सुनेला — वोरोकियाला — सांगितलं, बाळाला आजपासून तुझ्या खोलीत घे आणि म्हाताऱ्याचं दार दिवसभर उघडं ठेव. बाळालाही केंद्रात दाखवून आण. तिने मान हलवली. गुणी पोरगी आहे.

२२ ऑक्टोबर

आळीभर बोंब. "कोनेबाईनं विष घातलं! लघवी लाल होतेय माझी!" गोळ्यांनी तसं होतं, हे मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यालाही ते पाठ होतं. मी पोचले तेव्हा आंब्याखाली बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारत होता, "अंबाडीच्या फुलांचं लाल सरबत निघतंय माझ्यातून. कुणाला हवंय का?"

हसून हसून माझं पोट दुखलं. मग ठसका लागला.

९ नोव्हेंबर

कापसाची वेचणी जोरात. बोंडांची धूळ घशात बसलीय, खोकला सुटत नाही. या दिवसांत आमच्याकडे सगळेच खोकतात.

२७ नोव्हेंबर

पकडला! वोरोकिया सकाळी आडोशाला घेऊन म्हणाली, "मावशी, खुराड्यापाशी ही सापडली." हातात गोळी — अर्धी विरघळलेली. म्हाताऱ्याच्या गालात सकाळपासून कोलाच्या कडू बीची फोड असते, सुपारीसारखी. त्या फोडीमागे गोळी दडवायची आणि मी वळले की थुंकायची!

त्याला विचारलं तर म्हणतो, "कोंबड्या खोकत होत्या गं. दया आली."

"एकदाच केलंस की रोज?"

"कोंबड्यांना विचार."

आता नवा नियम. आधी कोला माझ्या हातात, मग गोळ्या, मग तोंड उघडून दाखवायचं, मग कोला परत. दाबो डॉक्टरलाही सांगून आले. तो हसला नाही. म्हणाला, हा आजार अर्धवट सोडला तर परत येतो, आणि मग गोळ्यांना जुमानत नाही. घरी येताना सगळी वाट तेच डोक्यात.

१५ डिसेंबर

कोण कुपोषित आहे ते बघायला पोरांचे दंड मोजले. पट्टी सगळ्यांची हिरव्यात! गेल्या वर्षी याच दिवसांत किती पिवळी होती. संध्याकाळी घरी उकड आणि भेंडीचं कालवण केलं. जास्त केलं नव्हतं, पण आनंदात ब्रेहिमाने तीनदा वाढून घेतलं. नवरा जेवताना बघत बसायला मला आवडतं. मला मात्र भूक नव्हती.

८ जानेवारी

आज मोठं नाटक झालं. गेले तर म्हातारा भिंतीला टेकून, नवी टोपी घालून बसलेला. गाल भरलेत. खोकला महिनाभर ऐकला नाही.

"चवळीखाऊ, तुझं काम संपलं. मी बरा झालो. या गोळ्यांनी तोंडाला चव राहत नाही."

समजावलं. भावाची आठवण दिली. बाळाकडे बोट दाखवलं. म्हातारा तोंड घट्ट मिटून आभाळाकडे बघत बसला. त्याचा पोरगा बिचारा हात जोडून उभा. दोस्त मंडळी चहाला जमायला लागली होती, कोळसे पेटवलेले, शेगडीवर त्याची ती निळी किटली.

या किटलीवर त्याचा जीव आहे. तिच्यातला चहा प्यायल्याशिवाय त्या आंब्याखाली कुणाचा दिवस सुरू होत नाही. मी उठले, किटली उचलली, चहा जमिनीवर ओतून दिला आणि किटली काखेत मारून चालू लागले.

"ए! ए चोरटे!"

"गुलामाची वस्तू मालकिणीची. आधी गोळ्या, मग किटली."

सगळे म्हातारे खो खो हसायला लागले. तो उठला, बसला, पुन्हा उठला. कोनेवर रागवायची सोय नाही, किटली हिसकावायची सोय नाही. त्यात एक दोस्त म्हणतो, "चेकुरा, आम्ही काय नुसते कोळसे बघत बसायचं?"

गिळल्या. तोंड उघडून दाखवलं. किटली परत केली आणि माझ्या हाताने चहा करून दिला, साखर जरा जास्त घालून. पहिला पेला त्याने मलाच दिला. आजचा दिवस फार चांगला गेला.

१० फेब्रुवारी

वाळवंटाकडचा वारा सुटलाय. सगळं गाव तांबडं. बोलताना सारखी ढास लागते. चेकुरा सगळ्यांपुढे म्हणाला, "चवळीचं टरफल अडकलंय घशात. दाबोला दाखव जा." मी म्हटलं, "तुझ्या अंगणातली धूळ आहे, झाडत जा." आंब्याखालचे हसले.

तो हसला नाही. पण त्राओरेचं बोलणं कुणी मनावर घेतं का?

३ मार्च

कमरेचं कापड दोनदा सुटलं, गाठ राहत नाही. चेकुरा बघत होता. "मालकीण वाळत चाललीय आणि गुलाम फुगतोय. काही तरी चुकतंय." छान बोलला. ब्रेहिमाला सांगितलं, तोही हसला.

कापूस, दळण, विहीर, गावभर हिंडणं — वाळणारच.

२८ मार्च

पहिले आंबे. वोरोकियाने टोपलीभर पाठवले. बाळ आता चालतंय. केंद्रातून सांगितलं, त्याला काही नाही. देवाची कृपा.

२० एप्रिल

शेवटची गोळी! दाबो डॉक्टरने थुंकी पुन्हा तपासली, स्वच्छ निघाली. आंब्याखाली चेकुराने तोंड वासून सगळ्यांना दाखवलं, जणू दागिनाच दाखवतोय. वोरोकियाने कोंबडी कापली. मी म्हटलं, ही त्या औषध खाल्लेल्यांपैकी तर नाही ना? पुन्हा हशा.

जेवणं झाली, माणसं पांगली. मीही निघाले तर त्याने हाक मारली. "बस. एक मागायचंय."

मला वाटलं, आता चवळीचं पोतं मागणार. सहा महिने छळलं मी त्याला, त्याची वसुली. त्याने कुडत्याच्या खिशातून छोटी डबी काढली. झाकणाची. थुंकीची! सहा महिन्यांपूर्वी मी त्याला दिली होती तसलीच. दाबोकडून स्वतः मागून आणली म्हणाला.

"उद्या उठल्या उठल्या. पाणी पिण्याआधी."

मी हसायला तोंड उघडलं. पण तो म्हणाला, "कोरोतुमू."

माझं नाव. इतक्या वर्षांत त्याने ते कधी घेतलं नव्हतं. बोंडांची धूळ, वारा, भूक नसणं, कमरेची गाठ — गावात एखादी बाई हे सगळं घेऊन माझ्याकडे आली असती, तर दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी तिला केंद्रात पाठवलं असतं. हा म्हातारा फेब्रुवारीपासून सांगतोय, आणि मी हसतेय. का, तर बोलणारा त्राओरे!

"धूळ असेल," मी म्हटलं.

"असू दे. हक्काने मागतोय. आता नाही म्हण बघू."

डबी घेऊन आले. ब्रेहिमाला दाखवली. मला भीती वाटतेय.

२१ एप्रिल

डबी भरून दिली. न्यायला तोच आला होता, गाढवाची गाडी जुंपून.

२४ एप्रिल

जंतू निघाले. माझ्यात. आता सहा महिने गोळ्या, मलाही. ब्रेहिमाची तपासणी उद्या.

२५ एप्रिल

बाजरी कांडायला उठले तर मुसळ जागेवर नाही. दारात चेकुरा बसलेला, मुसळ मांडीवर आडवं. "तोंड उघड, चवळीखाऊ. आधी गोळ्या, मग मुसळ."

गिळल्या. जीभ वर करून दाखवली.