ईशान्येला सरकलेलं पाणी

रविवार, ५ ऑक्टोबर २०१४

आज र्युसेल्सहाइमला यशपालकडे जेवायला. प्रभावतीमावशींच्या हातचा गोळाभात दोनदा घेतला. तिसऱ्यांदा वाटी पुढे करताना संध्याने टेबलाखालून पाय दाबला.

यशपालचं घर ठरलं, माक्लरमार्फत — घरांच्या दलालाला इथे तेच म्हणतात. नदीकाठच्या एका खेड्यात, एकमजली, मागे बाग. (गावाचं नाव इथेही लिहीत नाही. गोपनीयतेच्या कागदावर सही केलेला माणूस आहे मी.) एकवीस तारखेला नोटारकडे जायचंय. नोटार अख्खा करार मोठ्याने वाचून दाखवतो, मग सह्या. म्हणजे 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोयच उरत नाही.

'पोथीच की,' मी म्हणालो.

'पोथीनंतर निदान प्रसाद असतो, दादा,' यशपाल म्हणाला.

घर खरं तर मावशींसाठी. नागपूरहून आल्यापासून यशपालच्या आई तिसऱ्या मजल्यावर कोंडल्यासारख्या झाल्यात. फोटो बघून त्यांनी एकच विचारलं — 'नदी जवळ आहे म्हणता. पाणी येते का तिथं?' मग सुनेला, रोहिणीला, हसत सांगत होत्या — 'आमची वस्ती नाल्याच्या अंगाला. पाणी आधी आमच्यात यायचं. उरलं तर मग गावात.'

माझ्या आजोळी आमचं घर गावात सगळ्यात उंचावर. पूर बघायला आम्ही पोरं गच्चीवर जायचो. हे मी बोललो नाही.

त्याऐवजी लॅपटॉप उघडला. आमचं पोर्टल अजून लोकांसाठी खुलं नाही, पण मला दिसतं. जर्मनीभरातल्या सरकारी नकाशांचा एकच दरवाजा — पाच वर्षं त्याच्यावर घातली आहेत, थोडी ऐट तर करणारच. त्या राज्याचा पुराचा नकाशा चढवला. शंभर वर्षांत एखाद वेळी येतो तेवढा मोठा पूर कुठवर पोचेल, तेवढा भाग निळा. यशपालचा प्लॉट मोठा करून दाखवला. निळं बाहेरच.

'बघा मावशी, कुंपणालासुद्धा शिवत नाही.'

'सरकारचं आहे ना हे?'

'सरकारचं आणि माझं.'

'मग झालं,' म्हणाल्या आणि पान वाढायला उठल्या.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

फ्रांकफुर्टला ऑफिसात दिवसभर बैठक. पोर्टल म्हणजे तू नक्की करतोस काय, असं संध्या दर वर्षी विचारते. आज बैठकीत उत्तर सुचलं. सोळा राज्यांच्या सोळा स्वयंपाकघरांतली ताटं आणून आम्ही एका पंगतीत मांडतो. शिजवत काही नाही. चव घेऊन मीठ घालायचीही परवानगी नाही. नकाशा ज्याचा, जबाबदारी त्याची — एवढा एक नियम हे पाच वर्षांच्या मंथनातलं नवनीत.

फ्राउ हेलविग, आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख, शेवटी उभ्या राहिल्या. चोवीस तारखेला मंत्रालयातले साहेब येऊन पोर्टल सुरू करणार. 'नकाशात एकही भोक नको.' सगळे म्हणाले — गेनाऊ, अगदी बरोबर.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

पाणी डोंगर चढलंय.

उद्घाटनात दाखवायच्या जागा तपासत होतो. यशपालचं खेडं सहज उघडलं, या वेळी खाली विमानातून काढलेला फोटो लावून. रविवारी तो बंद ठेवला होता. लॅपटॉप दमतो म्हणून! आज बघतो तर नदी एकीकडे आणि तिचा पूर दुसरीकडे. पलीकडच्या काठावरच्या टेकडीवर द्राक्षांचे मळे आहेत, त्यांत निळं शिरलेलं. अलीकडे, जिथे सखल आहे, जिथे घरं आहेत, तिथे कोरडं.

कारण सापडायला वेळ लागला नाही. जर्मनीत जागा मोजायची जुनी पद्धत वेगळी, नवी वेगळी. त्या राज्याने जुन्या मोजमापाचा नकाशा पाठवला आणि वर चिठ्ठी नव्याची लावली. आमचं यंत्र चिठ्ठी वाचतं, नकाशा नाही. अख्खा पूर शंभर-सव्वाशे मीटर ईशान्येला सरकला. वास्तुशास्त्रवाले खूश झाले असते — पाण्याची जागा ईशान्येलाच.

वेदान्तात आम्हाला शिकवलं होतं, एका वस्तूवर दुसरी वस्तू भासणं म्हणजे अध्यास. दोरीवर साप. इथे आम्ही त्याला लेयर म्हणतो, आणि पगार घेतो.

माझ्या मशीनवर नकाशा जागी सरकवून बघितला. यशपालच्या प्लॉटवर पाणी. बैठकीच्या खोलीत साधारण कमरेइतकं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

फ्राउ हेलविगना सगळं दाखवलं. बाई शहाण्या आहेत, एका नजरेत कळलं त्यांना. मग म्हणाल्या, 'चूक' हा शब्द मेलमध्ये नको, 'लक्षात आलेली बाब' म्हणू. राज्याला कळवलं. तिथून लगेच उत्तर — यंत्राचं. संबंधित गृहस्थ सत्तावीस तारखेपर्यंत रजेवर.

'तोपर्यंत लेयर बंद ठेवू,' मी म्हणालो.

'त्याला राज्याची लेखी संमती लागते.'

'आणि राज्य?'

'रजेवर,' त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

अख्खं राज्य मायोर्का बेटाच्या वाळूत पाय सोडून बसलंय, असं चित्र मनात आलं. एरवी चांगलं वाटलं असतं. दारातून निघताना त्यांनी हळूच सांगितलं — राज्याकडून खात्री होईपर्यंत ही गोष्ट या खोलीतच. 'तुम्ही सही केली आहे, मधू.' दर वेळी नव्या अकरा महिन्यांच्या करारावर आहे मी, हे सांगायची त्यांना गरज पडली नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

यशपालचा फोन. मावशींनी बागेसाठी मेथीचं आणि अंबाडीचं बी मागवलंय नागपूरहून. 'हो का, छान,' म्हणालो.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

त्या राज्याच्या ऑफिसात फोन करून रजेवरच्या गृहस्थांच्या जागी कोण आहे ते विचारलं. कोणी नाही. त्यांच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, मोजमापाचं मला काय कळतं, ते आले की बघतील. आल्झो, तर मग, शुभ दिवस.

दुपारी मोह झाला. आमच्या बाजूला एक ओळ बदलली तर पूर जागेवर येतो. एक ओळ! पण परक्याच्या ताटात मीठ घालायचं नाही. आणि एकदा घातलं की सोळाही राज्यं विचारणार, आमच्यात काय काय घातलंत?

गुरुवार, १६ ऑक्टोबर

संध्याने विचारलं, हा आठवडाभर तोंडात मिठाची गुळणी धरून का फिरतोयस. सांगितलं. (खोलीच्या बाहेर गेलंच म्हणायचं.) ती भाजी निवडत होती, हात थांबले नाहीत.

'एकवीसला सही आहे ना त्यांची?'

'सत्तावीसला तो माणूस येईल. कदाचित नोटारची तारीख पुढे जाईल...'

'कशाने जाईल? तू ढकलणार आहेस?'

'अगं, नोकरीचा प्रश्न आहे.'

'आहेच की. मी कुठे नाही म्हणते.' मग जरा वेळाने — 'तू सांगतोस का मी सांगू? मी काही सही केलेली नाही.'

शनिवार, १८ ऑक्टोबर

गेलो. एकटाच. एस-बानच्या लोकलमध्ये वाक्य जुळवत होतो. एकही जुळलं नाही.

दारात मावशी. 'जय भीम, मधूभाऊ, या. संध्या नाही आली?' टेबलावर घराच्या खोल्यांचं चित्र पसरलेलं. धम्मदीपा, यशपालची आठ वर्षांची लेक, सशांचा पिंजरा कुठे ठेवायचा ते मला जर्मनमध्ये समजावत होती. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तो नकाशा चुकीचा होता. घरात पाणी येऊ शकतं. कमरेइतकं.

रोहिणीने पोरीला आतल्या खोलीत नेलं.

यशपाल इंजिनिअर आहे, त्याने आधी इंजिनिअरसारखेच प्रश्न विचारले. किती सरकलंय, कुठल्या दिशेला, खात्री किती. उत्तरं दिली. मग म्हणाला, 'शंभर वर्षांत एकदा म्हणजे दर वर्षी शंभरात एक. तेवढी जोखीम मी घेतलीही असती, दादा. पण आईला तुम्ही कुंपणालासुद्धा शिवत नाही म्हणालात.'

'तेव्हा मला माहीत नव्हतं.'

'कधी कळलं?' हे मावशींनी विचारलं.

'गुरुवारी.'

'परवा?'

'नाही. त्याच्या आधीच्या गुरुवारी.'

त्यांनी टेबलावरचं चित्र घडी घालून यशपालच्या हातात दिलं. मग सवयीने चहा टाकला. साखर विचारली नाही. दर वेळी विचारतात — 'भटजी, किती?' अशी चिडवून.

'हे घ्यायचं नाही, यशपाल,' चहा गाळताना म्हणाल्या. 'एवढ्या लांब येऊन पुन्हा नाल्याकाठी नाही राहायचं मला.'

निघताना यशपाल खालपर्यंत आला. म्हणालो, 'माझं नाव कुठे यायला नको.'

'नाही येणार. माक्लरला सांगतो, आईला जिना झेपत नाही.'

'घर एकमजली आहे.'

'मग बाग झेपत नाही सांगतो.' हसला, पण माझ्याकडे न बघता. एवढी वर्षं झाली, कधी न बघता हसला नव्हता.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

सही झाली नाही. विकणारे आजोबा भडकले, माक्लरने रोहिणीला फोनवर सुनावलं — तुम्हा लोकांना निर्णयच घेता येत नाही. तिने ऐकून घेतलं. माझ्यासाठी ऐकून घेतलं. संध्या म्हणते, झालं ना, सुटलास आता. सुटलो. आणि तरी जेवण जात नाही.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

उद्घाटन. मंत्रालयातले साहेब, फुलं, सेक्टची फेसाळ वाइन. साहेबांनी कळ दाबली, पडद्यावर अख्खा देश अखंड उमटला. एकही भोक नाही. टाळ्या. मी त्या कोपऱ्याकडे बघत होतो, द्राक्षांच्या मळ्यात पाणी. एवढ्या लांबून निळा ठिपकासुद्धा दिसत नव्हता. फ्राउ हेलविगनी माझ्या ग्लासाला ग्लास लावला. 'सोमवारी ते गृहस्थ येतील. बघतील.'

सोमवार, २७ ऑक्टोबर

ते गृहस्थ आले. मेल पोचल्याचं कळवलं. दुरुस्ती पुढच्या तिमाहीच्या कामात घेतील. पोर्टलला तीन दिवसांत भरपूर भेटी, फ्राउ हेलविगनी केक आणला.

बुधवार, २९ ऑक्टोबर

नागरिकांच्या मेलना उत्तर द्यायची आज माझी पाळी. पहिलीच मेल बाड हॉम्बुर्गच्या एका नर्सबाईंची. दोन मुलं, एकट्या. तोच रस्ता, तोच प्लॉट. पोर्टलवर घर कोरडं दिसतंय, शुक्रवारी नोटार आहे, विश्वास ठेवू ना?

मंजूर झालेलं उत्तर तयार असतं — अधिक माहितीसाठी संबंधित राज्याकडे विचारणा करावी. पाठवलं नाही. बाईंना फोन केला, स्वतःचं नाव सांगून. मग तो लेयर बंद केला. नकाशाला भोक पडलं. फ्राउ हेलविगनी दुपारी खोलीत बोलावलंय.

एक क्लिक लागला. परवानगी आजही नव्हती. ज्या दिवशी पाणी डोंगर चढलेलं दिसलं त्या दिवशीही हा क्लिक माझ्याच हातात होता — आणि मी एका घरासाठी एस-बान पकडली.