सातव्या थांब्यावरची बाई

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

माझ्या हेरिटेज वॉकला एकवीस माणसं! सकाळी साडेसहाला, थंडीत, पंचगंगेच्या घाटावर. त्यातली चौदा कोल्हापूरचीच. मी बोलायला लागले की लोकांचे मोबाईल आपोआप खिशात जातात. हे मला जमतं. उगाच विनय कशाला, इथं कोण वाचतंय?

सातवा थांबा नेहमीसारखा सगळ्यात भारी झाला. जुन्या पेठेतल्या गल्लीतला आमचा वीरगळ — लढाईत मेलेल्याच्या आठवणीचा कमरेएवढा काळा दगड. वर सूर्य-चंद्र, मध्ये वीर स्वर्गात निघालेला, खाली लढाई. सगळे म्हणतात लढणारा पुरुष आहे. मी म्हणते बाई आहे. मानेवरचा अंबाडा बघा, मनगटातल्या बांगड्या बघा, आणि त्याच हातात तलवार! सहा महिने त्या दगडापुढं उकिडवी बसलेय मी. बाईच आहे.

समोरच्या घरातली अंबूबाई आज्जी म्हशीला पेंड घालत ऐकत असते. दोन वर्षांपूर्वी त्या म्हशीचं दावं याच दगडाला असायचं. भांडून सोडवलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

पुण्याच्या सरांचा फोन! १ मार्चला येतायत. वीरगळांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी 'बाई आहे' असं लेखी दिलं की दगड संग्रहालयात जाईल, आणि नाव कुणाचं होईल ते सांगायला नको.

व्हायलाच पाहिजे. गल्लीत नवीन गटार होणार आहे आणि दगड बरोबर वाटेत येतो. एकदा खणायला लागले की मुरुमाबरोबर जाईल कुठंतरी भरावात. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "मॅडम, एप्रिलच्या आत काय होत न्हाई." म्हणजे भरपूर वेळ आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज एक भानगडच झाली.

डिसेंबरात कॉलेजच्या पोरींचा ग्रुप होता. त्यांना हसवायला मी म्हटलं होतं, "इंटरव्ह्यूला जाताना या बाईला सांगून जा, नोकरी पक्की." त्यातली साक्षी आज आईला घेऊन हजर. कागलच्या फाईव्ह स्टार एमआयडीसीत लागली! आईनं दगडापुढं नारळ फोडला, कुंकू लावलं, खोबऱ्याचा तुकडा माझ्याही हातावर ठेवला. मी खाल्ला.

घरी सांगितलं तर पप्पा हसून हसून लाल. "आमच्या बाबांनी छप्पन साली घरातलं देव गाठोड्यात बांधून पंचगंगेत सोडलं. आणि तू एक नवा काढून आणलीस व्हय!"

रविवार, १६ फेब्रुवारी

पाच नारळ. उदबत्तीचं घर. गल्लीनं नावही ठेवलंय — नोकरीआई. दगडावर वरच्या कडेला कुणी लाल रंगसुद्धा फासून गेलंय. यांना कुंकवानं भागत नाही. मी तिकडं बघायचंच नाही असं ठरवलं आणि अंबाड्यावर बोलत राहिले.

रविवार, २३ फेब्रुवारी

एकोणीस जण. निशिगंधा नावाच्या साताऱ्याच्या बाईंनी सातवा थांबा अख्खा व्हिडिओत घेतला आणि लगेच पाठवला. बरी दिसते मी. आवाज तर फारच चांगला येतो.

सरांसाठी मापं, नकाशा, फोटो, सगळी फाईल तयार. अजून सहा दिवस.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

शेवटचं एक माप घ्यायला गेले. मापायला काही उरलेलं नाही.

दगड वरपासून खालपर्यंत शेंदरानं माखलाय. बोटभर जाड थर. सूर्य नाही, चंद्र नाही, तलवार नाही. अंबाडा होता तिथं दोन चांदीचे डोळे चिकटवलेत. आणि शेजारी अंबूबाई आज्जी, कोपरापर्यंत हात केशरी.

ओरडलेच मी. "आज्जी, काय केलंस हे?"

"देव हाय न्हवं आता. उघडा किती दिस ठेवायचा?"

"देव नाही तो! गंमत केली होती मी."

"गमतीनं बोललीस, पर पोरगी लागली न्हवं नोकरीला?"

मी नखानं खरवडायला गेले तर गल्लीतली चार माणसं पुढं आली. "मॅडम, तेवढं नगा करू." माझ्याच वॉकला फुकट येऊन उभी राहणारी माणसं! आज्जी म्हणाली, "रागावू नगंस पोरी. शेंदराचा थर जाड झाला की खोळ आपोआप गळती. माझ्या सासूनं बगितलीया."

"किती वर्षांनी?"

"चाळीस-पन्नास."

घाटावर जाऊन रडले. खोटं कशाला लिहू.

शनिवार, १ मार्च

सर आले. पाच मिनिटं वाकून बघितलं. माझे फोटो बघितले, "शक्यता आहे" म्हणाले. पण फोटोवर लेखी देता येत नाही, दगड स्वच्छ झाला की कळवा. चहासुद्धा नको म्हणाले.

अंबूबाई आज्जीनं त्यांना हात जोडून प्रसाद दिला. तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही मी. दोन वर्षं दर रविवारी माझ्या तोंडून ऐकतेय ही बाई, आणि शेवटी काय शिकली? शेंदूर.

रविवार, २ मार्च

सहाच थांबे केले. कुणाला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं नाही. मला वाटलं.

मंगळवार, १८ मार्च

सकाळी नऊला आज्जीचा फोन. "जेसीबी आलाय. ये." एवढंच बोलून ठेवला.

एप्रिल म्हणाले होते! स्कूटर कशी मारली माझं मला ठाऊक. पोचले तर गल्ली खच्चून भरलेली. चर खणत खणत दगडापासून दोन हातांवर आलेली, आणि ड्रायव्हर खाली उतरून, चपला काढून उभा.

ठेकेदार त्याला म्हणत होता, "आरं दगूड हाय त्यो. तुला सांगितलेलं काम कर की."

"दगूड तुमाला. माजी पोरगी मुलाखतीला बसल्या सायेब. म्या हात लावणार न्हाई. तुमीच बसा मशीनवर."

ठेकेदार मशीनकडं बघून गल्लीकडं वळला. अंबूबाई आज्जी दगडाला पाठ लावून बसलेली. म्हणाली, "पावणं, चा घ्या आदी. मग वळवा गटार."

चहा झाला. गटार वळलं! चांगलं दीड हात वळसा घालून पुढं गेलं. नोकरीआईपुढं तिघांनी नारळ फोडले, त्यात ठेकेदार एक.

मी परत येताना एकटीच हसत होते. शेवटी दगड वाचवला कुणी? माझ्या त्या एका गमतीनं. सरांच्या कागदानं जे झालं नसतं ते एका थापेनं झालं! शेंदूर काय, काढता येईल कधीतरी. रविवारपासून सातवा थांबा परत सुरू, आणि ही गोष्ट मी अशी काही सांगणार आहे की बास.

पप्पांना सगळं रंगवून सांगितलं. ते नेहमीसारखे हसले नाहीत. म्हणाले, "म्हातारीनं त्याच दिवशी शेंदूर का लावला? नारळ तर तीन आठवडं आधीपासनं फुटत हुतं. विचारलंस काय तिला?"

नाही विचारलं.

बुधवार, १९ मार्च

विचारलं. आज्जी धार काढत होती. मान वर न करता म्हणाली, "फुली मारून गेलती की ठेकेदाराची माणसं. काढायच्या वस्तूवर मारत्यात तसली. मला वाटलं तुला दिसली आसंल, दर रविवारी हितंच असतीस. वाट बगितली, तू काय बोलंनास. तुजा सायेब कागुद करस्तवर दगूड ऱ्हायला नसता. मग आणला शेंदूर."

घरी येऊन निशिगंधाबाईंचा व्हिडिओ लावला. ज्याला मी भक्तांचा लाल रंग समजले, ती ऑइलपेंटची फुली आहे. वीतभर, खाली आकडा १२. माझा डावा हात बरोबर तिच्यावर टेकलेला आहे आणि मी एकोणीस जणांना सांगतेय — "घाई करू नका. नीट बघा."