धुरपतामावशीला कुणी विचारलं होतं का?

कारेगव्हाण, ता. उमरी
९ ऑगस्ट २०२४

चि. शिवांगीस मावशीचे पोटभर आशीर्वाद. तुझे काका बरे हायेत, मी बी उभी हाय. फोनवर सांगितलं असतं, पण इथं घरात दहा कान, न तू वकिलीण झाल्यापासून फोनवर लई घाईत असतीस. म्हणून कागद.

मला सरपंचकीवरून काढलं. काल ग्रामसेवकानं हुकूम वाचून दाखवला. कर्तव्यात कसूर केली म्हणे. गेल्या महिन्यात गावच्या गायरानात खडी फोडायची मशीन टाकायला ग्रामसभेनं न्हाई म्हटलं, दोनशे अकरा हात वर झाले. ठरावावर माझं दस्तखत. त्याला पंचवीस दिवस झाले न हा कागद आला. मला कुणी नोटीस दिली न्हाई, बोलावलं न्हाई, एक शब्द विचारला न्हाई. लोकांनी दोन वर्षांमागं मतं टाकून बसवलेली बाई, न वरून एका सहीनं खाली?

तुझे काका म्हणतात, सोडून दे, सरकारसंगं कोण भांडणार. मी म्हटलं, आपली शिवांगी भांडणार. खोटं बोलले का?

मावशीची माया उणी समजू नको.
धुरपता

---

लातूर
१४ ऑगस्ट २०२४

ती. मावशीस शिवांगीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि जिना दोन-दोन पायऱ्या चढून थेट महादेवप्पा सरांच्या टेबलावर ठेवलं. माझे सीनियर तसे थंड माणूस. पण पत्रासोबतची हुकमाची प्रत वाचून चष्मा काढला आणि म्हणाले की, यात नोटिशीचा दिनांक कुठंय? मी तीनदा शोधला. नव्हताच!

मावशी, सर म्हणाले ते नीट ऐक. तू चांगली सरपंच आहेस की वाईट, हा आपला मुद्दा नाही. सरपंचाला काढायचा अधिकार सरकारला कायद्यानं आहे. पण घटनेनं गावच्या पंचायतीला पाच वर्षांची मुदत दिलीय, आणि लोकांनी निवडलेल्या माणसाला मधेच काढायचं तर चौकशी करून, त्याचं ऐकूनच काढावं लागतं. सरकारलाही ती वाट सोडता येत नाही. सोडली की नाही, हे उच्च न्यायालय तपासतं. आपण संभाजीनगरच्या खंडपीठात रिट याचिका करतोय!

आता एक कर. ठरावाचं रजिस्टर झेरॉक्स करून पाठव, आणि हुकमातला प्रत्येक आरोप खरा की खोटा, ते कळव. वकिलापासून लपवलेलं कोर्टात बरोबर सापडतं. काकांना म्हणावं, सरकारशी भांडायला कोर्टात खास दालनं बांधलीत, घाबरू नका.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
शिवांगी

---

कारेगव्हाण
२० ऑगस्ट २०२४

चि. शिवांगीस आशीर्वाद.

रजिस्टर धाडलंय. बाकी लिहायला चार दिवस लागले.

पाणीपट्टी खाल्ली, हे खोटं. कामात नवऱ्याला बसवलं, हे बी खोटं. त्यांना मी चहालासुद्धा आत घेत न्हाई. पण दोन ग्रामसभा घेतल्या न्हाईत, हे खरं हाय. जानेवारीची न मेची. नळाला पाणी नव्हतं, बाया घागरी घेऊन भांडायला येणार होत्या. मला जबाब सुचंना. दोन्ही बारीला तब्येतीचं निमित्त केलं न धर्माबादला माहेरी जाऊन बसले. खरं कारण तुझ्या काकांना बी ठाऊक न्हाई.

आता केस बुडाली का? बुडाली तर सरांना माझ्या नावानं माफी माग. खोटं मात्र लिहू नको. त्या बायांना ठाऊक हाय.

धुरपता

---

लातूर
२८ सप्टेंबर २०२४

ती. मावशीस सा. न. वि. वि.

जिंकलो, जिंकलो, जिंकलो! फोनवर एवढंच ओरडले, आता सगळं सांगते. तारीख अचानक लागली, तुला पोचता आलं नाही, म्हणून माझ्या डोळ्यांनी बघ.

दोन न्यायमूर्ती, त्यातल्या एक बाई. आमचा नंबर बाविसावा. सरांनी उठल्या उठल्या स्वतःच सांगून टाकलं की दोन ग्रामसभा झालेल्या नाहीत, बाईंना ते मान्य आहे. सरकारी वकील लगेच उठले, म्हणाले की मग उरलंच काय? कसूर कबूल आहे, सुनावणी घेऊन तरी काय वेगळं झालं असतं?

तेव्हा न्यायमूर्ती बाईंनी विचारलं की, यांना कुणी विचारलं होतं का? सरकारी वकिलांनी फाइल चाळली. पुढून चाळली, मागून चाळली. शेवटी म्हणाले की, फाइलवर तसं दिसत नाही.

मग सरांनी मला कोपरानं ढोसलं, कायद्याचं कलम वाच म्हणाले. मावशी, उच्च न्यायालयात माझा पहिला आवाज तुझ्यासाठी निघाला! पहिला शब्द चिरका आला, मग सुटले.

निकाल तिथंच सांगितला. चूक झालेली असली तरी ती का झाली, हे सांगायचा हक्क माणसाला असतो. ते ऐकून शिक्षा कमी होऊ शकते, कदाचित होणारही नाही. पण ऐकण्याआधी ते कुणाला कळणार? गायरानात मशीन यावी की नाही, हे कोर्ट ठरवणार नाही, गाव चालवणं कोर्टाचं काम नव्हे. अधिकार ज्याचा आहे त्यानं तो कायद्याच्या वाटेनं वापरावा, एवढंच. हुकूम रद्द. तू पुन्हा सरपंच! सरकारला वाटलं तर नोटीस देऊन नव्यानं चौकशी करता येईल, तेवढी वाट मोकळी ठेवलीय. नोटीस आली तर खरं तेच सांगायचं.

काकांना धर्माबादचं आता तूच सांग. माझ्यावरची माया दुप्पट करून पाठवावी.
शिवांगी

---

कारेगव्हाण
११ ऑक्टोबर २०२४

चि. शिवांगीस न महादेवप्पा सरांस धुरपताबाईचा नमस्कार, आशीर्वाद, जे ज्याला लागू पडेल ते.

नोटीस आली. पुढल्या महिन्यात सुनावणी हाय. दोन सभा भीतीनं घेतल्या न्हाईत, असंच लिहून देणार. खुर्ची राहील, न्हाई राहील, पण मला विचारलं तर! तुझ्या काकांना सांगितलं. ते म्हणाले की घागरीला भ्यालीस न सरकारला न्हाई? न हसायला लागले.

दसऱ्याआधीच ग्रामसभा घेतली. बाया आल्या. दोन तास मला धू धू धुतलं. मी उभी राहून ऐकलं न सगळं रजिस्टरात लिहून घेतलं.

न काल काय झालं सांगू? ग्रामसेवकानं सहीला कागद पुढं केला. स्टँडजवळच्या लक्ष्मम्माची भज्याची टपरी पंचायतीच्या जागेत हाय, ती सोमवारी उचलायची. तिनं मला मत दिलेलं न्हाई, उलट माझ्याविरुद्ध गावभर बोंबलत फिरली. जागा पंचायतीची, अधिकार माझा. पेन उघडलं बी होतं. तेवढ्यात तोंडातून आपोआप निघालं की, लक्ष्मम्माला नोटीस दिली का? ग्रामसेवक म्हणाला, कशाला, अतिक्रमण तर उघड दिसून राहिलंय. पोरी, तिच्यापुढं मी बी सरकारच की!

पेन मिटलं न चालत टपरीवर गेले. तिला म्हटलं, तुझं काय म्हणणं हाय ते सांग. तिनं कढईतली भजी झाऱ्यानं काढून ठेवली. मग म्हणाली की, बस अक्का, लई लांबडं सांगायचं हाय. मी बसले.

लोभ पातळ होऊ देऊ नका.
धुरपता