चूलबंद आवतन

८ डिसेंबर, सोमवार

बी.पी.ची गोळी घेतली. घेतली का नाही अशी पुन्हा शंका आली. सुनेला विचारलं तर म्हणाली घेतली. तिचंही लक्ष नव्हतं.

काल शेषरावच्या नातवाच्या लग्नाचं जेवण. आजपासून त्याला इथं शे. लिहीन. पूर्ण नाव लिहावं अशी त्याची लायकी नाही. भावकीतला नाही, पण भावकीपेक्षा जवळचा होता. सातवीला दोघं एकाच दिवशी शाळेतून पळालो, पुन्हा गेलो नाही.

परवा मारुती गुरव आवतन सांगून गेला. चूलबंद. म्हणजे घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं. म्हणून सगळे गेलो. मी, ही, सून, नात सोनाली. मी पुरुषांच्या पंगतीत, या तिघी समोर बायकांच्या. बुंदी वाढायला शे. स्वतः फिरत होता, डोक्याला फेटा. बायकांच्या ओळीकडं बघितलं, मग माझ्याकडं. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, "काय बे नामदेवा, चूल इकली का काय?"

पंगत हसली. शेजारच्यानं कानात सांगितलं, चूलबंद फक्त भावकीला होतं. बाकी गावाला घरटी एक माणूस.

हिनं हातातला घास पानात ठेवला. उठली, हात धुतला, निघाली. घरी येऊन चूल पेटवली आणि भाकरी थापल्या. कुणी खाल्ल्या नाहीत.

११ डिसेंबर, गुरुवार

थंडी वाढली. घेवड्याचा वेल शे.च्या कुंपणावर गेला होता. इतकी वर्षं शेंगा त्याची बायको इंदूवहिनी तोडत होती, आपण काही म्हणत नव्हतो. आज विळ्यानं वेल अलीकडं ओढून घेतला. निम्मा मोडला. मोडू दे.

त्याला काय उत्तर द्यायला पाहिजे होतं ते आता सुचतं.
"हो, इकली. गिऱ्हाईक तुझाच बाप होता."
"इकली न्हाई, तुझ्या लग्नात आंदन दिली."
दुसरं जास्त चांगलं आहे. पण त्या वेळी तोंडात बुंदी होती.

ही बोलत नाही. म्हणजे बोलते, पण शेळीशी.

१४ डिसेंबर, रविवार

चौसाळ्याला गेलो. मेथीचं बी, दाढीचं पान, हिच्या गुडघ्याला तेल. हॉटेलात चहा घेतला. चहावाला म्हणाला, "अण्णा, घरी चहा न्हाई का? चूल…" आणि थांबला. पुढं बोलला नाही पण बाकड्यावरचे दोघं खाली बघून हसत होते. म्हणजे इथपर्यंत आलं.

येताना जीपमध्ये छातीत धडधड. उतरून झाडाखाली बसलो. मेलो तर शे. मातीला येईल आणि तिथंही काहीतरी बोलेल, हे मनात आलं. त्यामुळं उठलो.

सोनालीनं मोबाईलवर ट्रॅक्टरच्या स्पर्धा लावून दिल्या. ट्रॅक्टर पुढच्या दोन चाकांवर… नाही, मागच्या. बघायला बरं वाटतं. आवाज मात्र फार बारीक ठेवतात. आजकाल टीव्हीवालेही पुटपुटतात.

व्हॉट्सॲपवर शे.चं स्टेटस बघणं बंद. सोनाली म्हणते, त्याला कळतं कोण बघतं ते. मग तर बंदच.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस (वेळ अमावस्या)

रानात कडब्याची खोप केली, पूजा केली. भज्जी, म्हणजे सगळ्या भाज्या-शेंगांची मिसळ, झकास. आंबील जरा जास्त आंबट झाली, सून म्हणाली चांगली आहे.

येळवशीला बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं, ही रीत. आवतन लागत नाही. अनोळखी माणसालाही म्हणतात, या, चार घास खा. शे. आमच्या बांधावरून गेला. मुद्दाम हळू. मी भज्जीच्या पातेल्यात पळी घालून पाठमोरा उभा राहिलो. तो पार ओढ्यापलीकडं जाईपर्यंत पळी हलवत होतो.

बापाच्या हयातीत असं कधी झालं नसतं. पण बापाला कुणी चूल विकली का विचारलं नव्हतं.

जेवण गोड लागलं. हिला म्हणालो, "बघितलं का?" ही म्हणाली, "भज्जी खाली लागली तुमच्या हालवण्यानं."

२७ डिसेंबर, शनिवार

सोनालीचं जमलं. मुलगा तेलगावचा, कारखान्यात नोकरी, आईबाप शेती करतात. मुलगा खाली मान घालून चहा प्याला, बशीत ओतून. मला आवडला. पौषात नको म्हणून साखरपुडा २५ जानेवारीला, आपल्याच अंगणात. तिच्या बापाला, आमच्या ज्ञानेश्वरला, फोन केला, तो ट्रक घेऊन नागपूरकडं. रडला वाटतं, का रेंज नव्हती.

आणि मला सुचलं. सगळ्या गावाला चूलबंद सांगायचं. एकूण एक घर. फक्त शे.च्या घरी घरटी एक. मारुतीकडून, मोठ्यानं, गल्लीत उभं राहून. मग तो एकटा येईल. आणि समजा बायकोपोरांना घेऊन आलाच तर मी बुंदीची बादली घेऊन त्याच्यासमोर थांबेन.

आज झोप चांगली लागेल.

२८ डिसेंबर, रविवार

लागली नाही. तो आलाच नाही तर?

४ जानेवारी, रविवार

हुरडा भाजला. ज्ञानेश्वर आलाय, त्याच्यासाठी. शेंगदाण्याची चटणी हिनं पाट्यावर केली. हुरडा शे.ला फार आवडतो, म्हणून शेकोटी मुद्दाम त्याच्या वाऱ्याच्या बाजूला केली. धूर आणि वास सगळा तिकडं गेला. ज्ञानेश्वर म्हणाला, "आण्णा, डोळ्यात धूर आपल्याच जातोय, कावून इथं पेटवलं?" मी शेकोटीत आणखी दोन गोवऱ्या टाकल्या.

दाढ दुखते.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

बायका ववसायला निघाल्या. दरवर्षी ही पहिली इंदूवहिनीकडं जाते आणि मग दोघी मिळून मारुतीच्या देवळात. लग्न होऊन आल्यापासून. आज ही नवीन लुगडं नेसून उंबऱ्यापर्यंत गेली, सुगडं हातात. तिथंच उभी राहिली. मग आत येऊन लुगडं बदललं.

इंदूवहिनी दारावरून गेली. थांबली असं सून म्हणते. मी बघितलं नाही, मी आत होतो.

हिला त्या मांडवात मीच नेलं होतं, हे दिवसभर डोक्यात. शे.चं नाव घेऊन शिव्या दिल्या. मनात. सणाचा दिवस.

तिळगूळ कडक झाला, दाढेला लागला.

२१ जानेवारी, बुधवार

हे लिहावं का नाही.

मारुती गुरव आवतनाचं विचारायला आला. मी ओसरीवर, ही आत. त्यानं बिडी तोंडात धरली आणि आत तोंड करून म्हणाला, "चूलबंद हाय." मी म्हणालो, "आरे, आजून तर मी काही सांगितलंच न्हाई." तो म्हणाला, "आण्णा, काकूला इचारतोय, चूल बंद हाय का? बिडी पेटवायची हुती."

त्याला गोठ्यामागं नेलं. विचारलं, शेषरावकडच्या लग्नाचं काय सांगितलं होतंस?

"गल्लीतूनच म्हनलो की, घरटी एक. तुमी मान हालवली. मग दारात आलो, काकूला इचारलं, चूल बंद हाय का. तर तुमीच म्हनले, हो हो, बंदच ठिवू."

माझा हात कानाकडं गेला. तो बघत राहिला. मग त्याला समजलं. बिडी हातातच राहिली आणि पोट धरून हसला. "आवो आण्णा. आवो आण्णा, कान दाखवा बीडला."

त्याला शपथ घातली, कुणाला बोलायचं नाही. हो म्हणाला. हसतच.

२२ जानेवारी, गुरुवार

सकाळपासून विचार केला तो असा. ऐकण्यात चूक झाली असेल. पण जीभ कुणाची चालली? मित्राच्या घरच्या तीन बायका जास्तीच्या आल्या तर माणूस म्हणतो, बरं झालं आल्या. कान खराब होणं हा रोग आहे. तसं बोलणं हा रोग नाही. आणि इतक्या वर्षांचा शेजार, मला घरटी एक कावून? म्हणून माझं ठरलेलं तेच. घरटी एक.

हिला कानाचं सांगितलं नाही. साखरपुडा झाल्यावर सांगेन. पण बेत सांगितला. वाटलं, खूश होईल.

ही लसूण सोलत होती. म्हणाली, "त्येंच्या घरी चूलबंद सांगा."
मी म्हणालो, "डोकं फिरलं का तुझं?"
"समदे येऊ द्या. लेकरंबाळं घिऊन. पहिल्या पंगतीला बसवा. मी वाढते."
"त्यानं तुला उठवलं आन् तू त्याला वाढनार?"
"पोट फुटंस्तोवर वाढते. नको म्हनला तरी वाढते. खाली बघून खाईल. समदं गाव बघंल, कोन कसं वाढतं."

दीड महिन्यात एवढं ती पहिल्यांदा बोलली. मी काय बादली घेऊन उभा राहणार होतो. हिच्यापुढं माझा बेत म्हणजे पोरखेळ. मारुतीला निरोप दिला, शे.कडंही चूलबंद.

२४ जानेवारी, शनिवार

मंडप आला. आचारी चौसाळ्याचा, बोलतो फार. बुंदी पाडून झाली. सोनालीनं हातावर मेंदी काढली, मला दाखवली, त्यात मुलाचं नाव कुठंतरी आहे म्हणे, मला सापडलं नाही.

मारुती गाव फिरून आला.
"शेषरावकडं सांगितलं?"
"सांगितलं. चूलबंद."
"काय बोलला?"
"हासला."
"कसा हासला?"
"हासला म्हंजी हासला, आण्णा."
"तू त्या कानाचं काही बोलला न्हाईस ना?"
मारुतीनं डोकं खाजवलं. "म्हंजी, बोलन्यातून बोलनं निगालं."

आता शे.ला सगळं ठाऊक. उद्या पंगतीत बसून तो हिच्यादेखत सांगेल, तुझा नवरा बहिरा, माझी काय चूक. आणि ही हातात बुंदीचं ताट घेऊन उभी असेल. मीच आधी सांगावं का? स्वयंपाकघरात चार वेळा गेलो. आत सगळ्या बायका. परत आलो.

गोळी घेतली. हे नक्की.

२५ जानेवारी, रविवार

स्लॅबवर बसून लिहितोय, टाकीच्या आडोशाला. टाकीचं पाणी बघतो असं सांगून आलो.

तेलगावचे पाहुणे आले. मुलाचे वडील साधे आहेत, त्यांना टोपी-उपरणं दिलं. अंगठी घातली. सोनाली रडली नाही, ज्ञानेश्वर रडला. फोटोवाल्यानं मला दोनदा मधे उभं केलं.

आता पहिली पंगत बसते आहे. हिनं बायकांच्या ओळीत सुरुवातीची पानं रिकामी ठेवली आहेत आणि पुरुषांच्या ओळीतली दोन. कुणी बसायला लागलं की म्हणते, थांबा, माणसं येतेत. नवीन लुगडं नेसली आहे. संक्रांतीला बदललं तेच.

गावातल्या एकाही घरातून धूर नाही. सगळे इकडं. फक्त शे.च्या मागच्या अंगणातून निघतो आहे. अंघोळीचं पाणी तापवत असतील. इंदूवहिनीचे गुडघे दुखतात, ती उन्हं आल्यावर अंघोळ करते. पण आता दुपार झाली.

का स्वयंपाक करतायत. चूलबंद आवतन असताना.

येऊ नयेत असं वाटतं, म्हणजे कानाची गोष्ट निघणार नाही. आणि नाही आले तर ही रिकामी पानं तिनं कुणासमोर उचलायची?

खालून हिनं मान वर करून विचारलं, "निगाले का वो?"

वारा नाही. धूर सरळ वर जातो आहे.