कंपाउंडरकाकांची फांदी

२ मे
ति. दादास,
सा. न. वि. वि.
शेजारच्या कंपाउंडरकाकांचा बदाम कुंपण ओलांडून थेट अप्पांच्या खोलीवर आलाय. वारा सुटला की फांदी पत्र्यावर घासते. मोडली तर खाली अप्पांचीच खाट. माझं मशीनवर चित्त लागत नाही. शिवलेलं उसवते, पुन्हा शिवते. अप्पा खोली बदलायला तयार नाहीत. सकाळी पानं गोळा करून कुंपणाशी जातात आणि तुमची लेकरं तुम्ही सांभाळा म्हणून ओरडतात. काका उलट ऐकवतात, सावली बरी गोड लागते! हातातला चहा गार होईस्तोवर हेच. फांदी जागची हलत नाही. काय करू?
लोभ आहेच, तो उत्तरात दिसू दे.
तुझी ठमी

९ मे
चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.
दोन म्हाताऱ्यांच्या नादी लागलीस तर फांदी पडेपर्यंत बसशील. काका लेकीकडे जातील तेव्हा माणूस बोलावून आपल्याकडे आलेलं तेवढं छाटून घे. परतल्यावर भांडतील; नाहीतरी रोज भांडतातच. इथे बसून मला काळजीपलीकडे काही जमत नाही, म्हणून शहाणपण शिकवतोय. रागावू नकोस, लिहीत राहा.
तुझा दादा

२१ मे
ति. दादास,
सा. न. वि. वि.
फांदी गेली. पत्रा गप्प झाला, घरही. काका परतले, वर बघितलं आणि आत गेले. भांडायलासुद्धा आले नाहीत. अप्पा मात्र रोज कपबशी घेऊन कुंपणाशी उभे असतात. जेवताना अर्धं ताट तसंच. मग दिवसभर या खोलीतून त्या खोलीत. विचारलं तर म्हणाले, ऊन फार येतं. त्यांच्या डोक्यावरचं संकट टाळलं की दुसरंच आणलं, कळेना. जमल्यास येऊन जा.
तुझी ठमी

२८ मे
चि. बाळास,
अ. उ. आ.
ठमीने केलं ते बरंच केलं, तिला बोलू नकोस. येताना एक रोप आण. भराभर वाढणारं, भरपूर पानं गाळणारं. फळाचा आग्रह नाही. जरा मोठंच बघ, वाट पाहायला आम्हा दोघा म्हाताऱ्यांनाही फार सवड नाही. आपल्या बाजूने, कुंपणाला खेटून लावणार आहे.
आज सकाळी खड्डा खणायला घेतला, तर कंपाउंडर खिडकीतून ओरडला की एक जरी फांदी त्याच्या हद्दीत आली तर खबरदार. मी म्हटलं, त्यासाठीच तर लावतोय. तो चपला घालून बाहेर आला.
चहा पार गार झाला.
तुझे अप्पा